सर्व सांभाळून

मराठी गृहस्थाश्रमात ‘सांभाळून’ ह्या अव्ययाला मोठा मान आहे. एखाद्या स्त्रीने शाळेत नोकरी केली, परीक्षा दिली, अथवा ग्रंथ लिहिला, तर तिच्या गौरवार्थ होणाऱ्या भाषणात ‘घर सांभाळून’ हे दोन शब्द आल्यावाचून राहत नाहीत. ते वगळले तर गौरव अपुरा वाटतो. किंबहुना ऐकणाऱ्यांच्या मनात थोडी शंकाच उभी राहते. पुरुषाच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरीत नाही. अमुक प्राध्यापकांनी घर सांभाळून संशोधन केले, असे वाक्य मृत्युलेखात सहसा आढळणार नाही. ह्याचा अर्थ त्या प्राध्यापकांना घर नव्हते असा नाही. ते कोणीतरी दुसरे सांभाळीत होते, एवढाच.

एका आयुष्यात अनेक भूमिका, अनेक आवडी आणि अनेक आकांक्षा कशा मावतात, ह्या प्रश्नाला आपल्याकडे ठराविक उत्तर आहे : ‘तारेवरची कसरत.’ ह्या उपमेत एक गृहीत गोष्ट लपलेली असते. तारेवर चालणाऱ्याच्या हातातील काठीचे एक टोक जड झाले की दुसरे वर जाते. म्हणजे एका कामाला दिलेले दुसऱ्यापासून हिरावूनच घ्यावे लागते. ही कल्पना सर्वस्वी चूक आहे असे नाही. परंतु पुण्यातील एका विदुषीचे चरित्र पाहिले असता ती अपुरी आहे, असे म्हणावे लागते. ही विदुषी म्हणजे इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात म्यिंज्यान येथे झाला, आणि तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. माहेरचे आडनाव करमरकर. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणाकरिता पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे ही त्यांची वर्गमैत्रीण. तिच्या आईने ह्या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतले, आणि त्यामुळे रँग्लर परांजप्यांचे घर हे इरावतीबाईंचे दुसरे माहेर झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली पदवीधर झाल्या. त्याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे ह्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशी त्यांचा विवाह झाला. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखाली एम. ए., नंतर बर्लिन येथे मानवशास्त्राची डॉक्टरेट, स्त्रियांच्या विद्यापीठात काही वर्षे निबंधकाचे काम आणि १९३९ सालापासून डेक्कन कॉलेजच्या पुनरुज्जीवित संशोधनसंस्थेत अध्यापन, असा हा क्रम आहे. ह्या क्रमात तीन मुले वाढली. मोठे शास्त्रीय ग्रंथ इंग्रजीत लिहिले गेले. आणि मराठी ललितनिबंधात ज्यांची गणना प्रथम श्रेणीत होते, असे संग्रहही सिद्ध झाले. पुण्यात स्कूटर चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ही गोष्ट लोक अधिक आवडीने सांगतात. ती सांगण्याजोगी आहेच. परंतु स्कूटर कोठून कोठे जात होती, हे त्याहून अधिक महत्त्वाचे.

ज्या घरात ह्या बाई सून म्हणून गेल्या, ते घर एकाच ध्येयास वाहून घेतलेल्या पुरुषांचे होते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ साली विधवांसाठी काढलेला आश्रम आणि १९१६ साली स्थापिलेले महिलांचे विद्यापीठ, ह्यांखेरीज त्यांच्या आयुष्यात तिसरी गोष्ट शोधून काढावी लागते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्याच्या आश्रमात पायी जाणारे अण्णासाहेब मराठी वाचकाला चांगले परिचित आहेत. वडील दीर रघुनाथराव. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकट्याने चालविले. एकाग्रतेचे असे दाखले जगात कोठेही दुर्मिळच. परंतु ह्याच घरातील एक तिसरे पुस्तक उघडावे. ते म्हणजे महर्षींच्या पत्नी आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे ह्यांचे ‘माझे पुराण’. पतीची मिळकत आणि चित्त संस्थेकडे लागले असता संसाराचा गाडा कोणी आणि कसा ओढला, ह्याचा जमाखर्च त्या पुराणात आहे. तो वाचल्यावर असे दिसते की एका माणसाची एकाग्रता ही पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या अनेकाग्रतेवर उभी असते. बायांनीही आश्रमासाठी वर्गणी जमविली, घर चालविले, मुले वाढविली. परंतु त्यांच्या ह्या नाना उद्योगांना कोणी आकांक्षा म्हटले नाही.

इरावतीबाईंना हे सर्व जवळून दिसले होते. आपल्या सासऱ्यांवर त्यांनी जे व्यक्तिचित्र लिहिले, त्यात आदर पूर्ण आहे. तथापि लोकसेवेची किंमत घरातल्यांनी कशी मोजली हे सांगताना त्यांनी लेखणी आखडती घेतलेली नाही. गंमत अशी की, स्त्रीशिक्षणास आयुष्य वाहणाऱ्या महर्षींची सुनेच्या जर्मनीच्या प्रवासास अनुकूलता नव्हती. दिनकररावांनी मात्र पत्नीच्या शिक्षणाचा हट्ट धरला, आणि १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांनी मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमतेवर प्रबंध लिहिला. कवटीच्या ठेवणीवरून वंशांची उच्चनीचता ठरविता येईल, असे मानणाऱ्या विद्वानांचा तो काळ आणि तीच संस्था. मोजमापे घेतल्यावर असमतेचा वंशाशी तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष ह्या विद्यार्थिनीने मांडला. परक्या देशात, आपल्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध, पंचविशीच्या आत-बाहेर असलेल्या मुलीने हे लिहावे, ह्यात तिच्या पुढील स्वभावाची खूण आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. इतकी कामे ह्या बाईंनी कशी केली? वेळापत्रक काटेकोर आखले, पहाटे उठल्या, अशा प्रकारच्या उत्तराने काही हाती लागत नाही. पहाटे पुष्कळ स्त्रिया उठतात. उत्तर त्यांच्या कामाच्या जातीत शोधावे लागते. त्यांची निरनिराळी कामे निरनिराळ्या कोठारांतून धान्य घेत नव्हती. कोठार एकच होते. दळण मात्र वेगवेगळे होई.

डेक्कन कॉलेजच्या वतीने इरावतीबाई गावोगाव हिंडत. उद्देश लोकांची शरीरमापे घेण्याचा : उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण. महाराष्ट्रातील अशा मापांचा ग्रंथ त्यांनी वि. म. दांडेकर ह्यांच्यासह १९५१ साली प्रसिद्ध केला. परंतु ज्याचे डोके मोजावयाचे, त्याची जात, पोटजात आणि कूळ विचारावे लागते. कूळ विचारले की सोयरीक येते. आणि सोयरिकीबरोबर म्हणी, गाणी, रागलोभ हे सारे आपोआप येते. मापांच्या तक्त्यात ह्यांना जागा नाही. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाने ती माहिती टाकून दिली असती. इरावतीबाईंनी तिचा दुसरा ग्रंथ केला.

तो ग्रंथ म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेला, भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले आहेत. उत्तरेत मुलगी स्वतःच्या गावात देत नाहीत, जवळच्या नात्यात देत नाहीत. ती परक्या गावी, परक्या माणसांत जाते, आणि म्हणूनच तेथील भाषेत गावची लेक आणि गावची सून ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते. दक्षिणेत मामाशी अथवा मामेभावा-आतेभावाशी विवाह होतो. तेथे सासू ही आजी किंवा आत्या असते, आणि नवऱ्याचे घर लहानपणापासून पायाखालचे असते. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या सीमेवर. येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. ज्या वाचकाने आपल्या घरातील लग्नाच्या बैठकीत ‘मामाची आहे, हरकत नाही’ असे वाक्य ऐकले असेल, त्याला ह्या ग्रंथाचा विषय समजावून सांगावयास नको. सासर-माहेर ह्या आपल्या नित्याच्या शब्दांमागे केवढा भूगोल आहे, हे ह्या ग्रंथाने दाखविले. आणि तो लिहिणारी स्त्री स्वतः परक्या घरी लेक म्हणून वाढलेली आणि एका ख्यातनाम घरात सून म्हणून नांदलेली होती. जी भूमिका संशोधनाच्या आड येते असे समजले जाते, तीच येथे संशोधकाला प्रश्न पुरवीत होती.

महाभारताची कथा ह्याहून बोधक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. तिचा पहिला खंड १९३३ मध्ये पुरा झाला आणि मूळ संहितेचे शेवटचे पर्व १९६६ मध्ये. त्या आवृत्तीतील नात्यांचे शब्द इरावतीबाई वेचीत होत्या. दिराला काय म्हणत, भाऊ-भाऊ कोणत्या क्रमाने बोलत, नियोग कोणाकडून होई, ह्यांवर त्यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत नियतकालिकांत लेख लिहिले. लेख रूक्ष, तज्ज्ञांपुरते. ते छापून झाल्यावर टिपणे बासनात गेली असती तरी कोणी विचारले नसते. पण सुमारे वीस वर्षांनी, १९६७ साली, त्याच वाचनातून ‘युगान्त’ बाहेर आले आणि पुढल्या वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. विदुर हा पंडूचा धाकटा भाऊ, आणि नियोगाचा अधिकार दिराचा, मग युधिष्ठिर कोणाचा मुलगा असावा, हा ‘युगान्ता’तील धक्का देणारा तर्क कवीच्या कल्पनेतून आलेला नाही, तो नात्यांच्या तक्त्यातून आलेला आहे. भीष्माने कुलासाठी आणलेल्या राजकन्यांचे काय झाले, असा हिशेब ज्या कठोरपणे तेथे मांडला आहे, तोही घराण्यांचा अभ्यास करणाऱ्या विदुषीचाच. मराठी वाचकाने ते पुस्तक ललित म्हणून डोक्यावर घेतले. त्याखाली वीस वर्षांची टिपणे आहेत हे बहुतेकांच्या ध्यानात आले नाही, आणि येण्याची गरजही नव्हती.

येथे ‘तारेवरची कसरत’ ही उपमा लंगडी पडते. एका कामाने दुसऱ्याचे हिरावले नाही. पहिले दुसऱ्याची वाट पाहत राहिले. अनेक आवडी असलेल्या माणसाची खरी अडचण वेळेच्या तुटीपेक्षा अधीरतेची असते. सर्वच आजच फळास यावे असे त्याला वाटते. इरावतीबाईंच्या चरित्रात एकेक गोष्ट दहा-दहा, वीस-वीस वर्षे मागे ठेवलेली दिसते, परंतु टाकलेली दिसत नाही.

अर्थात कोठार भरलेले असले तरी दळणाला हात लागतात. हे हात कोणाचे होते? पंढरीच्या वारीवर त्यांनी मराठीत लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. एकाच दिंडीत दिवसभर एका सुरात अभंग गाणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातींची निराळी पंगत मांडतात, हे पाहून झालेली तळमळ त्यात आहे. तो लेख १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये इंग्रजीत आला, आणि भाषांतरकार होते दिनकरराव. स्वतः रसायनशास्त्रज्ञ, फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले. तरी पत्नीचा लेख इंग्रजीत उतरवून देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बायांच्या पिढीत जे एकेरी होते, ते ह्या पिढीत निदान थोडे दुहेरी झाले. ह्यावरून घराघरांत तसे झाले असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. असा पती, पगाराची नोकरी आणि विषयांतराला मुभा देणारी संशोधनसंस्था, ही तिन्ही एकत्र येणे हा योग होता. आणि चरित्रकार अशा योगाला फार लवकर पुरुषार्थ म्हणून टाकतात.

संस्थेच्या मुभेची गोष्ट लहान नव्हे. इरावतीबाईंचे समकालीन, पुण्याचेच रहिवासी, दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे उदाहरण घ्यावे. गणिती कोसंबींनी हजारो प्राचीन नाणी तराजूवर तोलून झिजेच्या प्रमाणावरून त्यांचा कालक्रम लावला. नाण्यांवरून ते इतिहासाकडे आणि संस्कृत काव्याच्या संपादनाकडे गेले. एकच कोठार आणि अनेक दळणे हा प्रकार तेथेही होताच. तथापि त्यांची मुंबईची नोकरी गणिताची होती, आणि १९६२ साली तिचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. ह्याची कारणे अनेक होती. पण एका खुर्चीवर बसून चार शास्त्रांत वावरणाऱ्याला खुर्ची देणाऱ्याचा धीर किती पुरतो, हा प्रश्न राहतोच. डेक्कन कॉलेजात शेजारच्या खोलीत हसमुख सांकलिया होते, आणि गुजरातेतील लांघणज येथे अश्मयुगीन सांगाडे निघाले तेव्हा कवट्या ओळखणाऱ्या इरावतीबाई त्यांच्याबरोबर उत्खननास गेल्या. तेथे विषयांतर हा अपराध नव्हता.

इरावतीबाईंनाही किंमत द्यावी लागली नाही असे नाही. चार खंडांत पसरलेल्या विषयाचा एकटीने घेतलेला आवाका तज्ज्ञांच्या टीकेतून सुटला नाही. लुई द्यूमाँसारख्या फ्रेंच अभ्यासकाने आप्तसंबंधांवरील त्यांच्या मांडणीत सिद्धांताची शिस्त कमी असल्याचा आक्षेप घेतला, आणि तो निराधार नव्हता. एकाच विषयात आयुष्य घालविणारा जी बळकट शिष्यपरंपरा मागे ठेवतो, तशी त्यांच्या नावे फारशी दाखविता येत नाही. शिवाय मराठी वाचकाला त्यांचे शास्त्र ठाऊक नाही आणि परदेशी शास्त्रज्ञाला त्यांचे मराठी ठाऊक नाही. दोघांनाही त्या अर्ध्याच दिसतात. ‘युगान्त’ त्यांनी स्वतःच इंग्रजीत केले, त्याचे एक कारण हेही असावे.

भूमिकांविषयी त्यांना स्वतःला काय वाटे? ‘परिपूर्ती’ ह्या १९४९ च्या संग्रहातील त्याच नावाचा निबंध पाहण्यासारखा आहे. एका समारंभात त्यांची ओळख करून देण्यात येते ती थोर सासऱ्यांची सून, विद्वान पतीची पत्नी अशा नात्यांनी. सर्व खरे असूनही काही राहून गेल्यासारखे वाटते. मग रस्त्याने जाताना मुलांच्या घोळक्यातून कोणी दुसऱ्याला दाखविते, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते. ह्या निबंधावर वाचकांत दोन तट आहेत. काहींना त्यात मातृत्वाची थोरवी दिसते. काहींना एवढ्या विदुषीने स्वतःच्या नावाची मागणी न करता नात्यात समाधान मानावे ह्याची खंत वाटते. दोन्ही पक्ष लेखिकेचा व्यवसाय विसरतात. माणूस हा नात्यांच्या शब्दांनी ओळखला जातो, एकच स्त्री चार तोंडांनी चार नावांची होते, हा तर त्यांच्या शास्त्राचा विषय. निबंधातील मिस्कील सूर लक्षात घेतला म्हणजे असे वाटते की, बाई स्वतःचेच माप घेत आहेत, आणि माप बरोबर निघाल्याची थोडी मौजही करीत आहेत.

मुलांशी त्यांचे नाते पुढे आणखी एका अंगाने फिरले. कोयना धरणामुळे ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या लोकांचे पुढे काय झाले ह्याची पाहणी त्यांनी हाती घेतली, आणि तिचा अहवाल १९६९ साली निघाला. त्यावर दोन नावे आहेत : इरावती कर्वे आणि जाई निंबकर. जाई ही त्यांची थोरली मुलगी, पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून नावारूपास आलेली. धाकटी गौरी देशपांडे हिने मराठी कथेत आपले वेगळे घर बांधले. आप्तसंबंधांची तक्तेवारी करणाऱ्या विदुषीने आयुष्याच्या अखेरीस विस्थापितांच्या वस्त्यांतून, पुरेशी जमीन मिळाली की नाही, भाऊबंद एका जागी राहिले की फुटले, अशी विचारपूस केली. वरवर हा नवा विषय वाटतो. परंतु गाव उठले की सोयरिकीचे काय होते, हा त्यांचा जुनाच प्रश्न होता.

ऑगस्ट १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे काही मराठी लेख संग्रहात यावयाचे राहिले होते. ते १९७२ साली ‘गंगाजल’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले.